कुमुदिनीच्या कडा

रत्नम्माला नवऱ्याचे, गुरुबसप्पांचे, कान दिसत, तोंड दिसत नसे. डोळ्याचा पडदा मधोमध सुकत चालला होता. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जाई. डावा डोळा गेलाच होता. उजव्याने, मोबाइलवर फोटो मोठा करून बघितला की थोडंफार हाती लागे.

म्हणून ती रोज सकाळी होटगी तलावावर जायची. गुरुबसप्पा स्कूटर चालवायचे आणि ती चिखलात बसून रानफुलांचे फोटो काढायची. घरी आल्यावर भाजी करपेपर्यंत एकेक पाकळी बोटांनी ताणून बघायची. कुर्डू बघून झाला, विष्णुक्रांता झाली. राहिली होती पांढरी कुमुदिनी, तळ्यातली, सकाळी उमलून दुपारी मिटणारी इवलीशी. तिच्या पाकळ्यांवरचे बारीक केस रत्नम्माने माहेरच्या तळ्यात लहानपणी बघितले होते. ते एकदा परत बघायचे होते, आणि गेल्या आठवड्यापासून मोबाइलमधलंही पुसट व्हायला लागलं होतं.

कुमुदिनी सगळी आत, खोल पाण्यात. काठाजवळ एकच कळी होती.

त्या दिवशी काठ निसरडा असेल म्हणून गुरुबसप्पा आधी एकटेच बघून आले. आले ते थेट आंघोळीला आणि तिथून पूजेला बसले.

"उमललं काय?" तिने दारातूनच विचारलं.

"उमललं की! लई छान."

"मग चला लवकर. दुपारी मिटतंय ते."

"जायला कशाला पाहिजे? आणलंय मी."

ती जवळ गेली. त्यांच्या डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग होतं आणि त्यावर काहीतरी पांढरं, ओल्या कागदासारखं चिकटलेलं.

"काय करून ठेवलात री!"

"अगं, तुझ्या डोळ्यासाठीच वाहिलं. इतकं सुंदर फूल, म्हटलं देव ऐकेल."

"देवाला जास्वंद चालली नसती? कुंडीत चार लागल्यात!"

तिने मोबाइल काढला. "हात हलवू नका." तीन-चार फोटो काढले, मोठे केले, डोकं तिरपं करून डोळ्यासमोरच्या डागाच्या कडेने बघितलं. नुसता पांढरा गोळा.

"तुम्ही बघा. कडेला केस आहेत काय?"

गुरुबसप्पांनी हात नाकाजवळ नेला. "फुलाला कुठले केस? सगळं चिकटलंय."

पुढच्या आठवड्यात एखादी कळी काठाला येईलही. पण तोवर डोळा? रत्नम्मा चपला चाचपू लागली.

"कुठं निघालीस?"

"आत पाण्यात आहेत की फुलं."

"तिथं छातीएवढं पाणी आहे. तुला पोहता येत नाही."

"तुम्हाला तरी कुठं येतंय?"

त्यांनी लिंग घाईघाईने वस्त्रात गुंडाळून गळ्यात बांधलं.

तलावावर पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. त्यांनी धोतर खोचलं आणि तिचा पदर आपल्या मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरला. रत्नम्मा गुडघ्यापर्यंत गेली, मग कमरेपर्यंत, मोबाइल डोक्यावर धरून.

"डावीकडं सरक," ते मागून ओरडले. "अजून थोडं. मिटायला लागलंय बघ, लवकर!"

तिने पाय पुढे टाकला. खाली गाळ होता, पाय रुतला; मागे पदर ताणला गेला आणि तिने मोबाइल फुलाकडे नेला.