पट्टीवाल्या ताई

ताईंच्या पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण सहा इंची पट्टी असायचीच. लग्नपत्रिका, औषधाची बाटली, दुकानाची पाटी, कुठेही अक्षर दिसलं की त्या मोजायच्या. रामदासपेठेतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या सगळ्यांत अनुभवी, मूळच्या भिवापूरच्या.

तेव्हा मी एक लायब्ररी लिहीत होतो, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना आयता वापरता येईल असा कोड. दवाखान्यातल्या बोर्डावर पेशंटची नावं उमटवणं हे तिचं काम. त्या बोर्डाचे फॉन्ट ठिपक्यांचे आणि ठरावीकच आकारांचे, बारा, सोळा आणि चोवीस. मी मात्र प्रत्येक फॉन्टसाठी दोनच आकडे साठवले होते, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा.

बोर्ड लागला त्या दिवशी ताई स्वतः दवाखान्यात जाऊन बसल्या. प्रोग्रामने अठराचा आकार मागितला. तो नव्हताच, म्हणून सोळाची अक्षरं ताणली गेली आणि काने-वेलांट्या गळाल्या. शेजारचे एक आजोबा दोन तास बोर्डाकडे बघत होते. त्यांचं नाव दोनदा येऊन गेलं होतं. ताईंनी त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं आणि तडक माझ्या टेबलाशी आल्या.

"काहून गा, चपलेच्या दुकानात सहा अन् नऊ नंबर दिसला म्हणून सात असतेच का?"

मी ओशाळलो. त्याच संध्याकाळी प्रत्येक फॉन्टला आकारांची पूर्ण यादी जोडली. लायब्ररीत बोर्डाबाहेरचे, हव्या त्या आकारात मिळणारे फॉन्टही होते; त्यांची यादी तेवढी रिकामी सोडली. रिकामी म्हणजे सगळे आकार, असं माझं गणित. ताई खो खो हसल्या.

"रिकामा डबा पाहून कोणी म्हणते का, पोटभर जेवण हाये?"

मग अशा फॉन्टसाठी वेगळी खूण केली. आठवड्याने त्या मला ओढतच दवाखान्यात घेऊन गेल्या. एका म्हाताऱ्या बाईंनी बोर्ड वाचला आणि लेकीला हलवलं, "चाल वं, माहं नाव आलं!" ताईंनी आनंदाने माझ्या पाठीत असा धपाटा घातला, की नर्सबाई दचकल्या.

पुढे ताई नोकरी सोडून भिवापूरला मुलींना प्रोग्रामिंग शिकवायला गेल्या. आम्हाला फार सुनं सुनं झालं. मागच्या महिन्यात मी त्यांच्या वर्गात गेलो आणि ऐटीत आमची लायब्ररी उघडून दाखवली. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, या यादीत सोळा दोनदा काहून आहे?"

खरंच होतं. इतकी वर्षं आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं. ताई टेबल बडवत हसल्या.

"शपथ गा, म्या नाही सांगितलं तिले!"