मेलाय गेलेली तबकडी

पुण्याहून निघताना बायको म्हणाली, "एका तबकडीसाठी कोलकाता? कोलकाताच उचलून आणा, स्वस्त पडेल." पण ही साधी तबकडी नव्हती. हजारो प्रती काढण्याआधी रेकॉर्डचा कारखाना नुसत्या ऐकून पाहायला चार-पाच तबकड्या छापतो, कोऱ्या पांढऱ्या लेबलाच्या. त्यातली ही, सत्तरच्या दशकातल्या इंग्रजी रॉकची. हिच्यापायी वीस वर्षं मी धड जेवलो नाही. वजन वाढलं ते काळजीनं.

तबकडी होती बराकपूरच्या घोषबाबूंकडे. त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. फोनवर म्हणाले होते, "रोबिबार (रविवारी) बारा का अंदर आओ तो तुमारा. नेही तो दुसरा को दे देगा."

बराकपूर स्टेशनबाहेर एकोणतीस कोचुऱ्या (कचोऱ्या) खाल्ल्या. तिसावी शिष्टाचार म्हणून सोडली. साडेदहाला घोषबाबूंचं दार वाजवलं. सून आली, हसतमुख.

"घोषबाबू?"

"बाबा मेलाय गेछेन."

पिशवी हातातून गळाली. मेला? गेला? काल तर फोनवर ठणठणीत खोकत होते! आणि सासऱ्याबद्दल अशी भाषा? 'वारले' तरी म्हणावं! वर बाई हसत म्हणते, "आपनिओ जान (तुम्हीही जा)."

मी? इतक्यात?

हुगळीकाठी जाऊन रडलो. निम्मं घोषबाबूंसाठी, निम्मं तबकडीसाठी. नदी वीतभर चढली. मग रोजोनीगंधाचा (निशिगंधाचा) पुरुषभर हार घेतला आणि दीडला परत गेलो.

दार घोषबाबूंनी उघडलं.

मी किंचाळलो. हार पाहून तेही किंचाळले. "ए किसका लिए?"

"आपके... फोटो के लिए."

"हाम मोरा नेही! मेला गिया था, मेला! पुराना चीज का! तुमको भी भेजने बोला था. बौमा (सूनबाई) बोला नेही?"

"बोली. लेकिन हमारे यहाँ मेला मतलब..." मी डोळे मिटून मान टाकून दाखवली.

म्हातारा इतका हसला की सून पाणी घेऊन धावत आली.

"और रेकॉर्ड?"

हसू थांबलं. "बारा तक रेकॉर्ड लेके मेला में खाड़ा रहा. फिर एक चेन्नईवाला ले गिया."

मेळ्याचं मैदान तिथून पाच मिनिटांवर होतं. मी उंबऱ्यातच बसलो. चेन्नईवाल्यानं स्वतःचं नवंकोरं पाकीट आणलं होतं, म्हणून कारखान्याचं जुनं, फाटकं पाकीट तेवढं मागे राहिलं होतं. घोषबाबूंनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

आता ते पुण्यात आमच्या भिंतीवर आहे. वर तोच हार, सुकलेला. पाहुणे आवाज खाली आणून विचारतात, "कोण हो?"

"मेलाय गेली," मी म्हणतो.

आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीला मला तिखटमीठ लावावं लागलेलं नाही.