समुद्रात केलेली मागाची खूण

ती घटना आजही आठवली की आधी नाकातोंडात खारं पाणी गेल्यासारखं वाटतं आणि मागोमाग माझी मलाच लाज वाटते. पोलीस अधिकारी आठवणी सांगायला बसले की गुन्हेगार कसा पकडला तेच सांगतात. या प्रकरणात मी ज्याला गुन्हेगार धरून बसलो होतो तो गुन्हेगार नव्हता आणि ज्याला मेलेला समजत होतो तो मेला नव्हता. तेवढं सोडलं तर तपास अगदी व्यवस्थित चालला होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. इचलकरंजी भागातल्या एका ठाण्यात मी तपासाचं काम पाहत होतो. कबनूरच्या एका यंत्रमाग शेडमध्ये दोघे सख्खे भाऊ कामाला होते. थोरला जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. धाकटा माग चालवायचा. धाकट्याला पाण्याचं भारी वेड. पाळी सुटली की स्वारी घरी न जाता पंचगंगेवर. एकदा तर चालू पाळीत माग तसेच सोडून हा पोहायला गेला आणि चार मागांवरचं कापड वाया गेलं. थोरल्याला मालकापुढे मान खाली घालावी लागली. त्या संध्याकाळी भर रस्त्यात दोघांची जुंपली, हातघाईवर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याचे कपडे आणि चपला नदीच्या घाटावर सापडल्या. माणूस काही सापडला नाही.

बेपत्ता म्हणून नोंद झाली, पंचनामा झाला, तीन दिवस नावाड्यांनी नदी धुंडाळली. त्यांची आई जबाब द्यायला आली. वडील कधीच गेलेले. म्हातारी रडत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "माजं पोरगं पट्टीचं पवणारं. नदी त्येला बुडवायची न्हाय. थोरल्याला इचारा की."

सख्ख्या आईनेच बोट दाखवल्यावर पोलिसाला आणखी काय हवं? मी थोरल्याला आणून बसवला. माझा अनुभव असा की दोषी माणूस फार बोलतो आणि निर्दोष माणूस चिडतो. हा बोलेनाही आणि चिडेनाही. मी दमात घेतलं, दोन कानाखालीही वाजवल्या. हे आता लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवून काय करू? तिसऱ्या दिवशी त्याने मान वर केली आणि म्हणाला, "मीच मारलं त्येला, सायब. लिवा."

कसं मारलं? कशाने? प्रेत कुठे टाकलं? त्यावर पुन्हा मुका. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात उभी राहत नाही हे शिकाऊ शिपायालाही ठाऊक असतं. प्रेत नाही, हत्यार नाही, साक्षीदार नाही. वरिष्ठ म्हणाले, त्याला सोडा, पण मोकळा सोडू नका. म्हणून मी त्याला दर सोमवारी ठाण्यात हजेरी द्यायला लावली. सोमवार आला की तो यायचा, बाकावर बसायचा, सही करून जायचा. असं दोन वर्षं चाललं. शेडमध्ये त्याच्या शेजारी डबा उघडायला कुणी बसेना. आईने एकाच घरात वेगळी चूल मांडली आणि त्याच्या हातचं पाणी तोडलं.

मग एके दिवशी एक शेडमालक ठाण्यात आला. तो इचलकरंजीचा. या भावांशी त्याचा काही संबंध नव्हता. मंडळाच्या लाऊडस्पीकरची परवानगी हवी होती. नुकताच बायकोमुलांसह अंदमान फिरून आला होता आणि समोर दिसेल त्याला तेच ऐकवत होता. मलाही त्याने बसवून ऐकवलं. तिकडे एका बेटावर वाटाडे पर्यटकांना लहान होड्यांतून नेतात. डोळ्यांवर काचेचा चष्मा, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघायचे.

"आनि सायब, एक इपरीत झालं बगा," तो म्हणाला. "मी जरा लांब गेलतो. त्या वाटाड्यानं मला हातानं खूण केली. माग बंद कर, धागा तुटलाय, ही आमची शेडमधली खूण! मी इचार करायच्या आदी थांबलो. आता समुद्रात कुटला आलाय माग?"

इचलकरंजीकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. शेडमध्ये माग चालू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांनी चालतो. चहा आला, मालक आला, धागा तुटला, सगळ्याला खुणा. जन्मभर त्या खडखडाटात राहिलेला माणूस घरीही अर्धं हातानेच बोलतो.

"त्याला विचारलं नाहीस कुठला ते?"

"इचारलं की. हिंदीत म्हनला, केरळचा. आनि मग माज्याकडं बगंनाच झाला." मालकाने ती खूण मला जशी पाहिली तशी करून दाखवली. डाव्या हाताची मूठ उजव्या तळहातावर दोनदा आपटायची आणि हात छातीकडे ओढायचा. त्याचं उत्तरही शिकवलं. तळहात पुढे करून दोनदा ढकलायचा, म्हणजे धागा जोडला, माग चालू कर.

मी हसलो आणि त्याला परवाना दिला. पण पुढच्या सोमवारी थोरला बाकावर येऊन बसला तेव्हा काय वाटलं कुणास ठाऊक, मी टेबलामागून ती खूण केली. नोकरीत मी पुष्कळ युक्त्या केल्या, ही युक्तीसुद्धा नव्हती. नुसती गंमत होती.

थोरला ताडकन उभा राहिला. "सायब, हात उलटे केले तुमी. आमच्यात उजवी मूठ मारत्यात." मग तो टेबलाशी आला. "डावी मूठ एकटा त्योच मारायचा. डावरा हुता न्हवं त्यो. कुनी शिकीवलं तुमास्नी?"

मी त्या शेडमालकाचं बोलणं सांगितलं. मग दोन वर्षांनी त्याने तोंड उघडलं. भांडणात तो धाकट्याला म्हणाला होता, "एवडं पानी आवडतं तर पान्यातच मर जा." दुसऱ्या दिवशी घाटावर कपडे मिळाले. "मग मीच मारलं न्हवं का, सायब? माजी जीभच हत्यार. त्ये तुमास्नी कसं दावू?"

मी दोन वर्षं एकच प्रश्न धरून बसलो होतो आणि त्याने तिसऱ्याच दिवशी त्याचं खरं उत्तर दिलं होतं. मला ते वाचता आलं नाही.

वरिष्ठांनी आधी माझी टर उडवली, मग परवानगी दिली. एक हवालदार बरोबर घेऊन रेल्वेने चेन्नई आणि तिथून बोटीने तीन दिवस. माझं गाव शाहूवाडीकडचं. पाणी म्हणजे भाताच्या खाचरात पोटरीपर्यंतचं, नाहीतर पुराचं. त्या तीन दिवसांत पाणी आणि आभाळ सोडून काही दिसलं नाही आणि हवालदाराने तर कठडा सोडला नाही. तिथल्या ठाण्याने चांगली मदत केली. वाटाडे भल्या सकाळी पाण्यावर जातात ते दुपारी परततात, असं कळलं. नोंदवहीत नावं तर कुणीही काहीही सांगतं आणि पोलीस म्हणून विचारलं तर तो पुन्हा केरळच सांगणार. तेव्हा खात्री करायची तर पर्यटक होऊनच जायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीन पर्यटक होतो, एक नवरा-बायको आणि मी. हवालदार काठावरच थांबला. केरळचा म्हणवणारा तो वाटाडा उन्हाने काळा पडलेला, दाढी छातीपर्यंत. माझ्या खिशातल्या फोटोशी काही जुळेना. त्याने मला आपल्याच होडीत पुढे बसवलं. कयाक म्हणतात त्या होडीला, लांबट, चपटी, पाण्याला अगदी टेकलेली. त्याने वल्हं मारलं आणि आम्ही खारफुटीच्या झाडांतून जाणाऱ्या अरुंद खाडीत शिरलो. पाण्यात उभी राहिलेली झाडं, त्यांची मुळं वरून खाली आलेली, आणि शांतता अशी की वल्ह्यावरून ठिबकणारा थेंब ऐकू यावा. खडखडाटात वाढलेल्या माणसाने ही जागा का धरली असेल ते मला तिथेच थोडं समजलं.

खाडी संपली, उथळ समुद्र लागला. मला पोहता येत नाही. तरंगायचं जाकीट घालून मी उतरलो आणि पहिल्याच फटक्यात नळीतून पाणी प्यायलो. वाटाड्याने माझा हात धरला. "डरना नहीं साहब. मुँह से साँस लो." मी देवाचं नाव घेऊन डोकं पाण्याखाली घातलं.

काय सांगू? खाली दुसरं जग होतं. जांभळे, पिवळे, हिरवट प्रवाळ, काही फुललेल्या कोबीच्या गड्ड्यासारखे, काही हरणाच्या शिंगांसारखे. नखाएवढे निळे मासे हजारोंनी एकदम वळायचे आणि त्यांच्या अंगावरचं ऊन एकदम पलटायचं. एक हिरवा मासा पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाने प्रवाळ कुरतडत होता आणि ते कुरतडणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. एक कासव माझ्या पोटाखालून गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढी वर्षं मी खाकीत फिरलो, लोक मला बघून बाजूला व्हायचे, आणि इथे मी कुणीच नव्हतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्मा पुसायची सोय नव्हती. मी तपासाला आलोय हे साफ विसरलो. नोकरीत ड्युटी विसरलो तो तेवढाच.

त्या नादात मी पुढे सरकलो आणि एकाएकी खालचा तळ संपला. प्रवाळाची कड सुटली आणि खाली नुसता गडद निळा खोलपणा. मी कसेही हातपाय मारू लागलो. तेवढ्यात वाटाडा समोर आला. त्याने डावी मूठ उजव्या तळहातावर दोनदा आपटली आणि हात छातीकडे ओढला.

मी तळहात पुढे करून दोनदा ढकलला.

तो जागच्या जागी थिजला. आम्ही दोघांनी डोकी वर काढली आणि होडीची कड धरली.

"कबनूरचा न्हवं का तू?" मी धापा टाकत विचारलं.

"कौनसा कबनूर?"

"तुझ्या अण्णानं मला सांगितलंय, मीच भावाला मारलं म्हणून. दोन वर्षं तो दर सोमवारी ठाण्यात हजेरी देतोय. तुझी आई त्याच्या हातचं पाणी पीत नाही."

त्याने चष्मा वर केला. माझी नोकरीतली सगळ्यात छोटी चौकशी ही, गळ्यापर्यंत पाण्यात झालेली.

"अण्णानं? मला मारलं म्हनून अण्णाला धरलं?" आणि मग बांध फुटल्यासारखा बोलू लागला. "रागात हुतो, सायब. कापडांचा दुसरा जोड पिशवीत घालून डोस्क्याला बांदला आनि नदी पार केली. मेलो आसं वाटू दे म्हनलं. वाटलं, चार दीस रडतील आनि इसरतील. एक गडी गेला म्हनून कोन माग बंद ठेवतंय व्हय? मग मिळंल त्ये काम करत हितं आलो आनि ह्ये बगितलं." त्याने खाली बोट दाखवलं. "परत जायाचं ध्यानातच न्हाय ऱ्हायलं."

मी त्याला खरं ते सांगितलं. तू काही आरोपी नाहीस, तुला मी बेड्या घालून नेऊ शकत नाही. इथल्या ठाण्यात जबाब दे, तो कागदही माझ्या फाइलला पुरेल. इथलं काम सोडून गेलास तर ते परत मिळेल याची खात्री नाही.

"कागद माज्या आयला वाचाय येत न्हाय," तो म्हणाला. "आदी ह्या दोन पावण्यांस्नी काठाला पोचिवतो. मग निगू."

आणि तसंच केलं त्याने. त्या नवरा-बायकोला कासव दाखवलं, त्यांच्या जाकिटाचे बंद तपासले, सगळ्यांना सुखरूप काठावर आणलं. मग होडी उलटी करून ठेवली आणि वाळूत बसून ओक्साबोक्शी रडला.

कबनूरला पोचल्यावर आईने धाकट्याच्या एक मुस्काटात दिली. मग त्याच्याकडे पाठ करून ती थोरल्याच्या पायाशी बसली. आई मुलाच्या पायाशी बसलेली मी त्यानंतर कधी पाहिली नाही. थोरल्याने तिला उठवलं. मला तिथे उभं राहवेना. मी ठाण्यात जाऊन बेपत्ताची नोंद निकाली काढली.

आठवड्याने मी साध्या कपड्यांत थोरल्याच्या घरी गेलो. पोलीस माफी मागत नाहीत, मलाही ती नीट मागता आली नाही. त्याने माझं अडखळणं थांबवलं. "ऱ्हाऊ द्या, सायब. एक सांगा. पान्याखाली काय हाय तितं? धाकला सांगतूय, पन मला खोटं वाटतंय."

मी त्याला जमेल तसं सांगितलं. निळे मासे, शिंगांसारखे प्रवाळ, ऊन पलटणं, कासव. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. 

"एवडं समदं सोडून माज्यासाठी आला व्हय त्यो?" मग त्याने डोळे पुसले. "सायब, तुमची वळख झालीया तितं. चिठ्ठी द्या त्येला. हितं शेडमदी काय करील त्यो? जाऊ द्या परत."

मी चिठ्ठी दिली. धाकटा गेला. आता वर्षातून एकदा येतो.

नोकरीने मला माणसं ओळखायला शिकवलं असं मी सेवानिवृत्तीच्या भाषणात सांगितलं होतं. ते खरं नाही. गप्प माणूस काहीतरी लपवतोय एवढंच मला शिकवलं होतं. तो स्वतःलाच शिक्षा देत असू शकतो, हे मी कबनूरच्या एका जॉबरकडून शिकलो. समुद्राखाली पाहिलं त्याने मी थक्क झालो होतो. पण ज्या माणसाची दोन वर्षं भावापायी मातीत गेली, त्याच माणसाने भावासाठी माझ्यापुढे हात पसरला, तेव्हा मला त्याच्याकडे बघायचंही धाडस झालं नाही.