दोन बोटं आणि पळालेलं पान

क्लबची स्मरणिका निघतेय म्हणून सगळे माझ्या मानगुटीवर बसलेत. "अण्णा, ते लॅपटॉपचं लिहा!" अरे, चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. लालबागच्या आमच्या कॅरम क्लबात एक्केचाळीस वर्षं निकालाच्या टेबलावर बसलो, ते नावं आणि आकडे लिहायला. गोष्टी लिहायला नाही. पण बोर्डाच्या कडेला पावडर साचते तसे किस्सेपण साचतात, आणि झटकले नाहीत तर खेळ बिघडतो. म्हणून झटकतो. वाचायचं तर वाचा.

*

यंदा सेक्रेटरी सुभाष तावडेने टेबलावर लॅपटॉप आणून ठेवला. त्याचा जावई पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने म्हणे आमच्या स्पर्धेसाठी खास वेबसाइट बनवली. चौसष्ट खेळाडूंचा लांबलचक ड्रॉ. डाव्या टोकाला पहिल्या फेरीची नावं, उजवीकडे सरकत सरकत फायनल. आणि निकाल टाकून झाल्यावर दाबायचं सेव्हचं बटण फायनलच्याही पलीकडे, पार उजवीकडे!

लॅपटॉपवर खाली तो गुळगुळीत चौकोन असतो ना, त्यावर तावडेने दोन बोटं ठेवून नुसती सरकवली. काही दाबलं नाही, काही ढकललं नाही. चौसष्ट माणसं मुकाट चालायला लागली!

खोटं कशाला बोलू? अंगावर काटा आला. जन्मभर बोटांचा खेळ बघितला, पण न मारता सोंगटी हलताना पहिल्यांदाच बघत होतो.

"जमेल ना, अण्णा?" तावडे म्हणाला.

"तू हाफ चड्डीत होतास तेव्हापासून या खुर्चीत आहे मी. सरक बाजूला!"

*

पहिल्या दिवशी आठ मॅचचे निकाल टाकले. पुढचं नाव बघायला पान दोन बोटांनी परत डावीकडे आणलं. पान कडेला टेकलं, माझी बोटं जरा पुढे गेली, आणि पानच गायब! सेव्ह न केलेले आठही निकाल गेले. समोर काय? वेबसाइटचं पहिलं पान : तुतारी, तोरण आणि 'सुस्वागतम'! आठ जण घाम गाळून जिंकून घरी गेले, आणि इथे आमचं अजून सुस्वागतमच चाललंय!

तावडे धावत आला. "कुठलं बटण दाबलंत?"

"एकही नाही."

"मग पान काय पायाने चालत गेलं?"

"हो. चालतच गेलं!"

सगळ्यांसमोर तो म्हणाला, "पुन्हा झालं तर खुर्ची सोडायची, अण्णा. फायनलला मी बसेन." एक्केचाळीस वर्षांची खुर्ची, आणि आता ती दोन बोटांवर टांगलेली!

*

दुसऱ्या दिवशी माझी बोटं त्या चौकोनावर घामाने चिकटायला लागली. शेजारी वसंता पेडणेकर उभा. आमचा मालवणी गडी, नेम सॉलिड, डोकं रिकामं. "अण्णानू, बोट अडाकता. वायच पावडर मारूया!" असं म्हणून त्याने बोर्डाची पावडर चिमूटभर लॅपटॉपवर भुरभुरली.

काय सांगू! बोट असं सरकलं, असं सरकलं, की पान एका झटक्यात डावीकडे, आणि तिथून थेट बाहेर. सहा मॅचचे निकाल गेले.

वसंता खूश. "बघितलास? आता अडाकना नाय!"

पण त्यातून मला एक कळलं. पान कडेला टेकल्यावरही बोट चालूच राहिलं, की लॅपटॉपला वाटतं याला मागच्या पानावर जायचंय. आणि तो नेतो! मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी माणसाच्या मनातलं ओळखायला बघतो. चुकीचं ओळखतो ही गोष्ट वेगळी.

*

मी हे तावडेला सांगितलं. त्याने ऐटीत जावयाला फोन लावला, स्पीकरवर.

जावई म्हणाला, "माझ्याकडे असं कधीच होत नाही, पप्पा."

मी विचारलं, "जावईबापू, तुम्ही कुठल्या बोटांनी सरकवता?"

"बोटांनी नाही हो. मी माऊस वापरतो."

तावडेने फोन ठेवला आणि सगळ्यांकडे विजयी नजरेने बघितलं. "ऐकलंत? त्याच्याकडे होत नाही!"

*

गेलेल्या सहा मॅचमध्ये एक वरळी कोळीवाड्याच्या पोराची होती. सपाटून हरला होता. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून, गंध लावून हजर!

"तू कशाला आलास?" मी विचारलं.

"काका, कॉम्प्युटरवर मी हरलोच नाही!"

त्याला हरवणारा ठाकूरद्वारचा. तो बाह्या सरसावून उठला. दोघांना आवरता आवरता पंचांचा चष्मा फुटला. तेव्हा तावडेने माझी खुर्ची स्वतःकडे ओढली. "बस झालं, अण्णा. पहिल्या रांगेत बसा. चहा पाठवतो."

चहा पाठवतो म्हणे!

*

रविवारी फायनल. हॉल गच्च. लॅपटॉपचं पान प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलेलं. खुर्चीत तावडे, पहिल्या रांगेत मी, आणि माझ्या बाजूला शालनताई जाधव. परळच्या. दादरच्या फुलबाजारात वेण्या गुंफतात, आणि गेली कित्येक वर्षं महिला गटात त्यांच्यासमोर कोणी टिकलेलं नाही. बोटाला जोर नाही, माप आहे.

तावडे माइकवर बोलला, "मागे अण्णांकडून चुकून बटण दाबलं गेलं, त्याबद्दल क्लब दिलगीर आहे."

मी मान खाली घातली. शालनताई उठल्या.

"अण्णा म्हणतात बटण दाबलं नाही. बघूया की."

तावडे ओरडला, "ताई, थांबा! सकाळपासूनचे निकाल सेव्ह नाहीत. महिला गटाची तुमची सेमीफायनलपण याच पानावर आहे!"

"सेव्ह केल्यावर खरं-खोटं कसं कळणार?"

ताईंनी टेबलाशी जाऊन चौकोनावर दोन बोटं टेकवली. भिंतीवर नावं हळूहळू परत येऊ लागली. फायनल गेली, सेमी गेली, पहिली फेरी आली. पान कडेला टेकलं. बोटं थांबली नाहीत. केसभर पुढे. भिंतीच्या डाव्या कडेला एक बारीकसा बाण उगवला. मागे नेणारा बाण! तो आधी कोणी बघितलाच नव्हता. आमची बोटं घाईची, बाण दिसायच्या आत पान पळायचं.

ताईंनी तो बाण तिथेच धरून ठेवला. बोटं उचलली नाहीत, पुढे नेली नाहीत. मग त्यांनी बोटं तशीच, न उचलता, मागे घेतली. बाण विरघळला. पान जागच्या जागी. एक निकाल हलला नाही!

इतकी वर्षं कॅरम बघतोय. असला हात नाही बघितला.

ताई म्हणाल्या, "कुठलंही बटण दाबलं नाही. बघितलंत ना सगळ्यांनी? आता तुम्ही करा, सेक्रेटरी."

तावडेने दोन बोटं पुढे केली. चौकोनाच्या वर धरली. टेकवली नाहीत. कपाळावर घाम. हात मागे घेतला.

मग तो उठला. "बसा, अण्णा."

बसलो. फायनलचा निकाल मीच टाकला. पण ज्या माइकवर माझी चूक ठरवली, त्याच माइकवर 'मी चुकलो' म्हणायला एक माणूस अजून यायचाय. नाव लिहून ठेवतो : सुभाष तावडे.