नटावरचं कुंकू

निजामाच्या अमलात जळकोटजवळ आमची मोटार बंद पडली, तेव्हा मी सासरी निघालेली नवी नवरी होते आणि ती कायमचीच मोडू दे म्हणून देवाला विनवत होते. अक्कल तेवढीच!

मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यातून तेल गळत होतं. जळकोटहून बोलावलेला पांढऱ्या दाढीचा मिस्त्री खाली शिरला. चामड्याचं सील बदलायला नट काढावा लागणार होता.

"बेटी, खुणेला जरा मेण-कुंकू दे. नट फिरून इथंच आला पायजे."

मी दिलं. त्यानं खूण करून नट काढला, पोत्यावर ठेवला, आणि मी हळूच पदरानं कुंकू पुसलं. आता बसा म्हटलं!

त्यानं कोरा नट पाहिला, माझ्या हिरव्या पदरावरचा लाल डाग पाहिला आणि नुसता हसला. मग डोळे मिटून नट थोडा कसायचा, हातानं गोळ्यात शिरणारा दांडा फिरवून बघायचा, पुन्हा थोडा कसायचा. झोपेत गाणं ऐकत असल्यासारखा.

"ढिला ठेवला तर गळंल, लई कसला तर चाक फिरायचंच न्हाय. हाताला विचारायचं, बेटी."

मोटार निघाली. पुढं सासूबाईंशी पहिला खटका उडाला, तेव्हा तोंडाशी आलेलं मी निम्मंच बोलले. उरलेलं अजून शिल्लक आहे.