परळचा नॉर्मल

मराठी माणूस सहसा दारू पीत नाही, तो बसतो. "काय रे, शुक्रवारी बसायचं का?" असं कुणी विचारलं की समोरचा खुर्ची शोधत नाही, घरी काय सांगायचं ते शोधतो. मला हा शब्द कधीच आवडला नाही. बसणं म्हणजे कोपऱ्यातलं टेबल, शेंगदाण्यांची बशी आणि तिसऱ्या पेगनंतर ऑफिसातल्या साहेबाला दिलेल्या शिव्या. मी बसणाऱ्यांतला नव्हतो. मी शोधणाऱ्यांतला होतो, आणि या फरकाचा मला भारी अभिमान होता.

काम माझं फिरतीचं. हॉस्पिटलांच्या लॅबमध्ये रक्त तपासायची मोठी मशिनं असतात, ती बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची आणि अधूनमधून त्यांची सर्व्हिसिंग करायची. घर नाशिकला. पण परळात हॉस्पिटलं इतकी, की महिन्यातून दोन-तीनदा पहाटेच्या बसने दादरला उतरायचंच. लहानपण चिंचपोकळीच्या चाळीत गेलेलं, त्यामुळे गल्ल्या सगळ्या पायाखालच्या. फक्त त्या गल्ल्यांत आता माझं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. मुक्काम भोईवाड्यातल्या एका लॉजवर. खोलीत एक पलंग, एक टीव्ही आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. संध्याकाळी काम आटपलं की त्या भिंतीकडे किती वेळ बघणार?

म्हणून मी हिंडायला लागलो. परळला एका बंद गिरणीच्या आवारात, गाड्यांच्या गॅरेजच्या मागे, मला पहिली जागा सापडली ती वासामुळे. उकडलेल्या धान्याचा, थोडा गोडसर वास. पाटी नव्हतीच. आत स्टीलच्या टाक्या, पायात गमबूट घातलेला मालक आणि फक्त चार टेबलं. त्याने मला गव्हाची बियर दिली. पहिल्या घोटाला पिकल्या केळ्याचा वास आला आणि मागून लवंगेचा. "यात केळं घातलंय का?" मी विचारलं. "केळं नाही, लवंग नाही, सगळी करामत यीस्टची," तो म्हणाला आणि मला टाकीजवळ नेऊन अर्धा तास समजावत बसला. एखाद्या माणसाला आपल्या कामाबद्दल इतकं बोलावंसं वाटतं, हे बघूनच मी खूश झालो. टाकीतून बाहेर काढलेला धान्याचा चोथा सकाळी तबेल्यावर म्हशींना जातो, असंही त्याने सांगितलं. हे ऐकून माझ्या बायकोने फोनवर विचारलं, "म्हणजे म्हशींचं आणि तुमचं एकच?"

त्यानंतर मला नादच लागला. लालबागला मसाल्याच्या गल्लीजवळ एक जुना बियर बार होता. मिरच्या भाजायला काढल्या की तिथे गिऱ्हाईक शिंकत शिंकत पीत असे. मालक पुण्याच्या एका छोट्या ब्रुअरीतून काळी बियर मागवायचा आणि ती कुणी मागू नये म्हणून मेनूत लिहायचा नाही. वडाळ्याला गोदामात कुणीतरी आंब्याची बियर करत होतं, ते वर्षाच्या आत बंद पडलं. फार वाईट होती, बरं झालं. मॉलमधल्या चकचकीत ब्रुअऱ्यांत मी पाऊल ठेवत नसे. जिथे गाण्याच्या आवाजात ऑर्डर ओरडून द्यावी लागते तिथे कुणाला चव कळत असेल, असं मला वाटत नाही.

या भटकंतीत सोबत असे ती गिरगावातल्या माझ्या कॉलेजच्या मित्राची. विम्याच्या कचेरीत नोकरी आणि जिभेवर लगाम नाही. त्यानेच मला गिरगावातला माडीवरचा बार दाखवला. संगमरवरी टेबलं, खाली वाण्याचं दुकान. आम्ही दोघं तिथे ग्लास उजेडात धरून रंग बघायचो, वास घ्यायचो आणि शेजारच्या टेबलावरचे क्वार्टरवाले आमच्याकडे बघून हसायचे. "हसू दे रे," मित्र म्हणायचा, "त्यांना काय कळतंय. आपण काय बेवडे आहोत काय?" नाहीच, असं मला मनापासून वाटायचं. मी पितो असं मी कधी म्हटलं नाही. चाखतो म्हणायचो.

आता लॅबमधली एक रीत सांगायला हवी. मशीन दुरुस्त झालं की त्यावर एकदम पेशंटचं रक्त लावत नाहीत. आधी कंट्रोल लावायचं. कंट्रोल म्हणजे कंपनीकडून आलेला, ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे असा नमुना. तो आकडा बरोबर आला तर मशीन खरं बोलतंय. आधी कंट्रोल, मग पेशंट, हे वाक्य मी कितीतरी लॅबमध्ये नव्या पोरापोरींना घोकवून शिकवलं आहे. आणि सगळ्यांत शेवटी, मनाच्या समाधानासाठी, एखाद्या धडधाकट माणसाचं रक्त लावून बघतात. त्याला लॅबच्या भाषेत 'नॉर्मल' म्हणतात. "नॉर्मल कोण देतंय?" असं विचारलं की सगळे इकडेतिकडे बघतात, सुई कुणालाच आवडत नाही. मग मीच बाही वर करायचो. परळच्या एका हॉस्पिटलातल्या लॅबच्या मुख्य मॅडम तर मला बघितलं की मालवणीत म्हणायच्या, "इलो आमचो नॉर्मल!"

त्या दिवशीही त्या तेच म्हणाल्या. या खेपेला बिघडला होता तो लिव्हरच्या तपासण्यांचा भाग, तो मी नीट करून दिला होता. कंट्रोलचे दोन नमुने लावले, दोन्ही चोख आले. मग मी बाही वर केली, मॅडमनी रक्त काढलं, आणि पडद्यावर माझे आकडे आले ते जिथे यायला हवे होते त्याच्या कितीतरी वर.

मला भीती वाटली नाही. मला राग आला, मशीनचा. नुकतं दुरुस्त केलेलं मशीन असं कसं बोलतं? मी तापमान बघितलं, मशीनमधला दिवा बघितला, केमिकलची बाटली बदलली. पुन्हा कंट्रोल लावले, पुन्हा चोख. पुन्हा माझं लावलं, पुन्हा तेच. "सॅम्पल खराब झालं असणार. पुन्हा काढा," मी म्हणालो. मॅडमनी दुसऱ्या हातातून काढलं. तेच. बाहेर नमुन्यांचे ट्रे साचायला लागले, वॉर्डातून फोन यायला लागले, तरी मी मशीनचं झाकण उघडून आत टॉर्च मारत होतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी अंगण खणायला काढलं होतं.

शेवटी मॅडम खुर्चीवर बसल्या, स्वतःचा हात पुढे करून लॅबमधल्या मुलीला म्हणाल्या, "माझं काढ गं." त्यांचं रक्त लावलं. सगळे आकडे जागच्या जागी.

"साहेब, मशीन देऊन टाका आम्हाला," त्या हळू म्हणाल्या. "पेशंट थांबलेत."

मी झाकण लावलं. सह्या झाल्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"काय घेता काय तुम्ही?"

"बियर. फक्त बियर. तीसुद्धा चांगली, छोट्या ब्रुअरीतली."

"फक्त बियरवालेपण वर वॉर्डात आहेत," त्या म्हणाल्या. "लिव्हरला काय ब्रँड कळतो?"

त्या संध्याकाळी गिरगावात जायचं आधीच ठरलं होतं. मी मित्राला सगळं सांगितलं. तो काहीतरी बोलेल, गप्प होईल, निदान ग्लास खाली ठेवेल, असं वाटलं होतं. तो मोठ्यांदा हसला. "अरे मशीन तुझंच ना? मग तूच बिघडवलं असशील!" मी म्हटलं, तूपण एकदा तपासून घे. "वेडा काय? तपासलं की निघतंच काहीतरी." त्याने माझ्यासाठीही मागवली. मी ग्लासाला हात लावला नाही, सोडा प्यालो, आणि तो रात्री जेवायच्या वेळेपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही. मी नाही प्यालो याचा त्याला एवढा राग का यावा, हे मला अजून कळलेलं नाही. की कळलंय, पण बोलवत नाही.

नाशिकच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं: पूर्ण बंद करा, पुढच्या महिन्यात परत रक्त तपासा. आकडे खाली आले तर लिव्हर सावरतंय, काळजी नको. नाही आले, तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतील आणि मग काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही. बायकोने हे सगळं खुर्चीच्या कडेवर बसून ऐकलं. ती चिडली नाही, मला ओरडली नाही. त्या दिवसापासून मात्र तिने मला म्हशींवरून चिडवणं बंद केलं. आईला आम्ही पोटाचं काहीतरी आहे असं सांगितलं. आई काही दूधखुळी नाही. ती रोज संध्याकाळी दिवा लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ देवापुढे बसायला लागली.

मी बंद केली. एक घोटही नाही. नाशिकला ते सोपं होतं, परळला नव्हतं. काम संपलं की पाय आपोआप गिरणीच्या आवाराकडे वळायचे. एकदा गॅरेजपाशी जाऊन उभा राहिलो. आत काम चालू असणार, तो उकडलेल्या धान्याचा वास बाहेरपर्यंत येत होता. गमबूटवाल्याने मला बघितलं आणि आत बोलावलं, "या ना, नवीन आहे एक." मी घाईत आहे असं सांगून निघालो. घाई कसली, लॉजवर जाऊन भिंत बघायची होती. एवढी वर्षं मला वाटत होतं की मी चवीसाठी हिंडतो. त्या महिन्यात कळलं की संध्याकाळ घालवायची म्हणून हिंडत होतो, आणि हे कळल्याचं मला फार वाईट वाटलं.

महिना सरला आणि त्याच लॅबची सर्व्हिसिंग आली. डॉक्टरांची तपासणी नाशिकला करायची होती, पण मला धीर नव्हता. मॅडम सकाळी आल्या तेव्हा मी मशीन साफ करून तयार होतो. "माझं काढा," मी म्हटलं.

"आणि कंट्रोल?"

"आत्ताच फ्रिजमधून काढलेत, गार आहेत अजून. तोवर माझं लावू."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि रक्त काढलं. पडद्यावर आकडे आले. नॉर्मल! सगळेच्या सगळे. मी आकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले. आणि तिथल्या तिथे बायकोला फोन केला. "आला," म्हटलं, "नॉर्मल आला." पलीकडे ती रडायला लागली. मी फोन ठेवला.

तोवर कंट्रोलच्या बाटल्यांचा गारठा गेला होता. मॅडमनी त्या लावल्या.

दोन्ही आकडे खाली आले. थोडे नव्हे, चांगलेच खाली. मी मशीनचं तापमान बघितलं. आतला हीटर सुस्तावला होता, आतलं पाणी हवं तेवढं गरमच होत नव्हतं. गार मशीनवर लिव्हरचे आकडे कमी दिसतात, हे मला कुणी सांगायला नको. मागच्या खेपेला मशीन खरं बोलत होतं तेव्हा मी त्याला खोटं ठरवत होतो. आज ते खोटं बोललं, तर मी आनंदाने घरी फोन केला.

क्षणभर वाटलं, पुन्हा लावूच नये. हीटर बदलायचा, पेशंटचं काम चालू करायचं आणि आपण नाशिकची बस पकडायची. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मी बॅगेतून नवा हीटर काढला, बसवला, पाणी तापेपर्यंत थांबलो. कंट्रोल लावले. चोख आले. मग माझ्या रक्ताची तीच नळी ट्रेमध्ये परत ठेवली.

आकडे पहिल्यापेक्षा खाली होते. पण नॉर्मल नव्हते, जवळपासही नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "सांगा घरी लगेच. उगाच आशेवर ठेवू नका." मी मान हलवली आणि फोन उचलला, तेवढ्यात तोच वाजला. बायकोचा होता. तिचा आवाज इतका मोकळा मी त्या महिन्यात ऐकला नव्हता.

"अहो, आईंना सांगितलं हं मी सगळं. खरं काय होतं तेपण. आता काय लपवायचं? त्यांनी देवापुढे साखर ठेवलीय आणि शेजारीपाजारी वाटायला गेल्यात."

मी म्हटलं, "आईला परत बोलाव."