काश्मिरी हळद

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या शेतात हळद शिजत होती. वाफेच्या आवाजात वहिनी काय म्हणतायत ते दोनदा मला कळलंच नाही. तिसऱ्यांदा कळलं, आणि मी म्हणाले, "वैनी, जरा थांबा, हळद उतरवते आन् बोलते." सख्खा भाऊ गेल्याचं ऐकून कुणी असं बोलतं का? महिना झाला, मी स्वतःला हेच विचारतेय.

दादा सुभेदार होऊन रिटायर झाला आणि औंधजवळच्या आमच्या गावी परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेले पाच गड्डे होते. आयरिस नावाच्या फुलझाडाचे. शेवटची दोन वर्षं तो काश्मिरात होता. तिथल्या एका म्हाताऱ्या माळ्यानं त्याच्यापुढं पांढरे आणि जांभळे, दोन्ही ठेवले होते म्हणे. दादानं जांभळे निवडले. "पांढऱ्याला काय, आपल्याकडं मोगरा हाय की!" ही फुलं तिकडं कबरीवर लावतात, असं त्यानं भोळेपणानं सांगून टाकलं आणि वहिनींनी तुळशीजवळची जागा नाकारली. मग चार दिवस सकाळ-दुपार ऊन कुठं पडतं ते बघत तो परसात फिरला. भिंतीकडची उंचवट्याची जागा ठरली, पाणी साचणार नाही अशी. आयरिस म्हणायला वहिनींची जीभ वळेना. गड्डा हळदीसारखा दिसतो म्हणून त्यांनी नाव ठेवलं, काश्मिरी हळद. तेच नाव घरात रुळलं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

माझं सासर सांगलीकडचं, हळदीचं. आमच्यात हळदीचा गड्डा उघडा दिसला की सासूबाईंचा जीव वरखाली व्हायचा, लगेच मातीची भर लावायची. भाऊबीजेला माहेरी गेले आणि बघते तर दादाचे गड्डे पाठ उघडी टाकून उन्हात पडलेले. मी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी माती ओढून त्यांना झाकून टाकलं. "बंदुकीचं तुला ठावं, हळदीचं आमाला इचार," असंही ऐकवलं. तो हसला. "बरं बाई, तू म्हणशील तसं." मातीत एक स्टीलचा चमचा खोचलेला होता, त्याच्या मेसमधला. तो मी घासून रॅकवर ठेवला. त्यानंतर दर भाऊबीजेला हेच. गड्डे उघडे, मी झाकायची, चमचा धुवायची. पानं तलवारीसारखी सरळ वाढायची, पण फूल म्हणून नाही. मी चिडवायची, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" दादा तेव्हाही हसायचा. माझे हात धुवायला तांब्या घेऊन उभा असायचा.

मधल्या एका वर्षी मी गेले नाही. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तो आला नव्हता, नुसता आहेर पाठवला होता. मी रुसले, भाऊबीज चुकवली. थंडी सरताना त्याचा फोन आला. "सुमे, येऊन जा की दोन दिस. एक दाखवायचं हाय तुला." हळदीचे दिवस आहेत, बघू, असं म्हणून मी फोन ठेवला. त्यानं पुन्हा विचारलं नाही... आणि काय दाखवायचं होतं, हे मीही कधी विचारलं नाही. पुढच्या दिवाळीला राग विसरून गेले, आणि गेल्यागेल्या गड्ड्यांना भर लावली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी चमचा घासायला घेतला, तर वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या वन्सं, त्यो घरातला न्हाई, गड्ड्याचा हाय." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. या गड्ड्यांची पाठ उघडीच लागते, ऊन खाल्ल्याशिवाय ते फुलत नाहीत. मी रुसले होते त्या वर्षी सात फुलं आली होती. गावातली माणसं बघायला येत होती.

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"मी म्हणलं सांगू या. तर म्हणले, तिला वाटंल तिच्या हातानं अडलं व्हतं. न्हाई सांगायचं."

"आन् मी गेल्यावर माती काढायची की!"

"हात लावायचे न्हाईत. बहिणीनं पांघरूण घातलंय, कसं काढू, म्हणायचे. होळी झाली, फुलायचे दिस सरले, की मग चमच्यानं काढायचे."

मला रडू आलं आणि रागही आला. एवढा फौजी माणूस, आणि धाकट्या बहिणीला "सुमे, चुकतंय तुझं" एवढं म्हणता येऊ नये? परत येताना वाटेत एका नर्सरीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आवं ताई, ही थंड मुलखातली झाडं. इकडं मुळात फुलत न्हाईत. त्या साली लय थंडी पडली आसंल." म्हणजे माझ्या हातानं अडलं होतं की नव्हतं? विचारायचं कुणाला? ज्याला माहीत होतं त्यानं तर सांगायचं नाही असंच ठरवलं होतं.

निघण्याआधी मी त्या चमच्यानं सगळे गड्डे मोकळे केले. उघडे दिसल्यावर माझा हात पुन्हा मातीकडं गेलाच. कसाबसा आवरला. वहिनी म्हणाल्या, "दिवाळीला या वन्सं. भाऊ न्हाई म्हणून म्हायेर सरत न्हाई." मी हो म्हणाले आहे. पण जावं की नाही, मला ठरवता येत नाही. मी गेले नव्हते त्या वर्षी सात फुलं आली होती, आणि ती बघायला त्यानं मला बोलावलं होतं. चमचा वहिनींनी माझ्या पिशवीत घातला. इथं सांगलीत माझ्या रॅकवर आहे. त्याला लागलेली माती तशीच आहे, या वेळी मी तो धुतला नाही.